एम.जी. म्हणजे माघार

इंदू, तुझं तेरावं व्हायच्या आत मी तुझ्यापायी एक गुन्हा करून बसले. कंपनीचं तसं पत्रच आलंय. 'कंपनीच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण' असे शब्द आहेत त्यात. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, मी मालमत्तेचं विद्रूपीकरण केलं. तू असतीस तर आधी टाळी दिली असतीस आणि मग डोळे बारीक करून विचारलं असतंस, "खाली सही केलीस ना?"

केली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणार आहे मी, पण आधी आपलं भांडण पुरं करू दे. पंचवीस वर्षं ते रेंगाळलंय, आणि तू अशी मधूनच उठून गेलीस, जशी काही चहाची घंटा झाली. स्मशानात सगळे डोळे पुसत होते आणि मी कोरडी ठणठणीत उभी होते. तुझी अश्विनी गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, तू रड ना गं." पोरीला काय सांगू? मला रडू येत नव्हतं, राग येत होता. तुझा थोडा, आणि माझा फार.

अंधेरीच्या कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा तू तिथे मुरलेली होतीस. तू गिरणी कामगाराची मुलगी, दहावी पास, नाहूरहून येणारी. मी बोरिवलीची, वडील बँकेत, हातात पदवी आणि अंगात माज. तेव्हा आपल्याकडे टीव्हीचे ट्यूनर बनायचे. तुम्ही बायका ओळीने बसून प्लास्टिकच्या काडीने तांब्याची बारीक वेटोळी जरा ढकलायचात, जरा ताणायचात, आणि समोरच्या पडद्यावरची रेघ हवी तशी वाकवायचात. पहिल्याच आठवड्यात मी तुला त्या वेटोळ्यांचं शास्त्र समजावायला बसले. तू सगळं ऐकून घेतलंस, काडी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मॅडम, आता करून दाखवा."

माझी जी वाट लागली ती अख्ख्या लाइनीने बघितली. पाऊण तास मी एका ट्यूनरशी झटत होते. तू दोन टिचक्यांत तो सरळ केलास आणि वर मला चहा आणून दिलास. त्या दिवशी मी 'मॅडम'ची 'नीला' झाले, आणि महिन्याभरात 'नीले'.

पुढे बाहेरून स्वस्त ट्यूनर यायला लागले आणि आपली लाइन ओस पडली. अर्ध्या खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवलेल्या असायच्या. त्याच सुमारास मोबाइल आले. तेव्हा मोबाइल म्हणजे बिल्डरांच्या हातातली वीट. आपण म्हणायचो, हे खूळ चार दिवसांचं. पण बघता बघता गच्च्यांवर टॉवर उभे राहिले, आणि प्रत्येक टॉवरला एक डबा लागायचा. परदेशातून येणारा तो डबा आता इथे बनवायचा, असं काम कंपनीने घेतलं.

तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांसाठी सांगते. ॲल्युमिनियमचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला, कप्प्याकप्प्यांचा डबा. मिसळणाच्या डब्याचा थोरला भाऊ. हवेत हजार जणांची बडबड चालू असते. त्यातली आपल्या टॉवरची तेवढी आत घ्यायची आणि बाकीची दाराबाहेर ठेवायची, हे त्याचं काम. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनचंच काम, फक्त डुलकी न काढता. झाकणावर स्क्रूंची रांग. एकेक स्क्रू फिरवत पडद्यावरची रेघ जागेवर आणायची आणि स्क्रूवरचा नट आवळून ती कायमची पक्की करायची.

इथेच घोडं पेंड खात होतं. नट आवळला की स्क्रू केसभर सरकायचा आणि रेघ बिघडायची. पुन्हा नट सैल, पुन्हा स्क्रू, पुन्हा नट. ज्यांच्याकडून काम आलं होतं त्यांच्या पुस्तकातही एवढंच लिहिलेलं, की जमेपर्यंत करत राहा. एकेक डबा अर्धा दिवस खायचा. साहेबांनी सांगून टाकलं होतं, वेग वाढला नाही तर काम परत जाईल, आणि कामामागे लाइन.

तिसऱ्या दिवशी तू डबा बाजूला सारून म्हणालीस, "हे शहाणे आधी रेघ बरोबर आणतात आणि मग नट आवळतात. तिथेच चुकतंय."

"मग काय, चुकीची आणायची?"

"तू भात कसा उतरवतेस?"

"भाताचं काय मधेच?"

"कणी राखून उतरवतेस ना? झाकणाखाली तो आपला आपण पुरा होतो. तसंच हे. स्क्रू जागेवर आणायचा आणि मग थोडी माघार घ्यायची. नट आवळला की तो स्वतःच्या पायाने जागेवर जातो."

माघार हा तुझा शब्द. ती किती घ्यायची हेही तूच शोधलंस, घड्याळाने. स्क्रूच्या डोक्यावरची खाच म्हणजे मिनिटकाटा. कोपऱ्यातल्या स्क्रूला दोन मिनिटं माघार, मधल्यांना चार, डब्याला तार जोडतात त्या दाराजवळच्या दोघांना शून्य. महिनाभर तू हे आकडे लिहीत राहिलीस, हाताशी होती त्या अश्विनीच्या भूगोलाच्या वहीत. पुढच्या पानांवर महाराष्ट्रातल्या नद्या आणि मागच्या पानांवर तुझे स्क्रू.

वहीवरून आपण भांडायचो, कारण कागदाच्या बाबतीत मी खडूस होते. माझे दोन नियम मी लाइनीच्या फळ्यावर लिहून ठेवले होते. एक: चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, खाली सही आणि तारीख. दोन: ज्याचं रीडिंग त्याने तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. तू माझी यथेच्छ टिंगल केलीस आणि दोन्ही नियम घरीसुद्धा लावलेस. तुझं शून्य मात्र शेवटपर्यंत सुधारलं नाही. वर उघडंच राहायचं. एकदा मी ते सात वाचलं आणि सात मिनिटं माघार घेऊन डब्याची रेघ पार झोपवली. तू पोट धरून हसलीस. "नीले, शून्याला सात वाचणारी तू पहिली इंजिनिअर."

अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या तासावर आलं. खुर्च्या टेबलांवरून खाली उतरल्या. लाइन भरली, नंतर दुसरी लाइन टाकावी लागली. आज लोक खिशातून फोन काढतात आणि गावाकडे आईशी बोलतात, तेव्हा ज्या डब्यांतून तो आवाज गाळला जातो त्यांतले किती तुझ्या हाताखालून गेले, कुणी मोजलेलं नाही. आणि कंपनी सांगते, हे सगळं 'आमच्या अभियंत्यांच्या दूरदृष्टीमुळे' झालं. कसली दूरदृष्टी! जवळचा चष्मा लावून तू महिनाभर मान मोडून बसली होतीस.

आता माझ्या पापाकडे येते.

तुझ्या वहीवरून मी तक्ता तयार केला. कागद परदेशी जाणार, म्हणून इंग्रजीत. वरचा रकाना अरुंद होता, त्यात 'माघार' मावेना, म्हणून मी नुसतं एम.जी. लिहिलं. तयार करणार: माझं नाव. तुझ्या नावाला तिथे रकानाच नव्हता. असा रकाना मीच आखला असता तर झाला असता. मी आखला नाही.

मग ते परदेशी पाहुणे आले. तुझ्या टेबलाशी उभे राहून अर्धा तास तुझे हात बघत होते. त्यांच्यातल्या एकाने तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, एम.जी. म्हणजे काय? आपले साहेब क्षणभर गडबडले आणि बेधडक म्हणाले, "मेकॅनिकल ग्रेडियंट." पाहुण्याने मान डोलावली, लिहून घेतलं. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मी तक्त्याकडे बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत तू डबा उघडायच्या आधीच विचारलंस, "मेकॅनिकल काय?"

"ग्रेडियंट."

"म्हणजे?"

"उतार."

"कसला उतार? मी काय घाटकोपरच्या टेकडीवर बसून स्क्रू फिरवते?"

मी हसले. तू हसली नाहीस. आणि तू रागावलीस की मालवणीत जायचीस, तशी गेलीस. "माका मेडल नको. माझां नाव नको घेव. पण शब्द तरी खरो सांगूचो होतो गो. कित्याक घाबरलंस?"

मी तुला कारणं दिली. दहावी पास बाईच्या हाताचा अंदाज आहे म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. काम गेलं असतं. लाइनीवरच्या सगळ्या बायका घरी बसल्या असत्या, तुझ्यासकट. वेळ बघून सांगेन मी. तू शांतपणे ऐकलंस, तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालीस, "ठीक आहे, बघ वेळ."

कारणं खोटी नव्हती, इंदू. पण पहिल्या वर्षानंतर ती खरीही उरली नव्हती. त्या तक्त्यावर मी मॅनेजर झाले. एम.जी. वर मी परदेशात जाऊन भाषण दिलं, पडद्यावर मोठ्या अक्षरांत मेकॅनिकल ग्रेडियंट, आणि टाळ्या घेतल्या. परत येताना तुझ्यासाठी चॉकलेटं आणली. तू ती लाइनीत वाटलीस, स्वतः एकही खाल्लं नाहीस, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

तरी तू माझ्याशी बोलत राहिलीस. याचंच मला अजून आश्चर्य वाटतं. माझी आई गेली तेव्हा चार दिवस तू बोरिवलीला येऊन राहिलीस आणि माझ्या भावाला स्वयंपाकघरात उभं केलंस. माझं लग्न मोडलं तेव्हा तू एकच वाक्य बोललीस, "बरं झालं, तो भात पण कच्चा खायचा." वर्षातून एकदा मात्र न चुकता विचारायचीस, "काय, बघितलीस का वेळ?" मी म्हणायची, "बघते गं." विषय तिथेच थांबायचा.

आणि ज्या दिवशी बोलायची खरी वेळ होती त्या दिवशी तू एकटी बोललीस. तुमच्या नाहूरच्या सोसायटीतली ती सभा. गच्चीवरचा टॉवर काढा म्हणून अर्धी बिल्डिंग गळे काढत होती आणि तू मला 'साक्षीला' म्हणून बोलावून घेतलं होतंस. सेक्रेटरी म्हणाले, टॉवरमुळे लोकांची डोकी दुखतात. तू उभी राहिलीस. "डोकी तुमच्या मिटिंगमुळे दुखतात. टॉवर काढायचा तर काढा, पण त्याच्यातला डबा आधी माझ्याकडे द्या. तो मी केलाय."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "हो का? मग चंद्रावरचं यान पण तुम्हीच केलंत?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला फक्त "हो, हिनेच केलाय" एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मी बाहेरची, सभा तुमची, उगाच कशाला, असं काहीबाही मनाशी म्हणत मी पदर सारखा करत बसले. टॉवर राहिला, कारण सोसायटीला तो हवाच होता. तू खाली उतरताना जिन्यात म्हणालीस, "चल, चहा टाकते." तेव्हा तू शिव्या दिल्या असत्यास तर आज मला सोपं गेलं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी कंपनीतून फोन आला. मुख्य इमारतीच्या दालनात एक भिंत करतायत. वायरलेसच्या जाळ्यात कंपनीचा वाटा, सुरुवातीपासून आजपर्यंत. त्यात एम.जी. चा मोठा फलक, माझा फोटो, माझं नाव. उद्घाटनाला मी पाहिजे. फोन करणारा चिन्मय, जनसंपर्काचं काम बघतो, गोड बोलतो. मी त्याला म्हटलं, एम.जी. म्हणजे मेकॅनिकल ग्रेडियंट नाही रे, माघार. तो म्हणाला, "मॅडम, ॲक्च्युअली ना, माघार थोडं निगेटिव्ह वाटतं. म्हणजे ब्रँडच्या दृष्टीने, आपण पुढे जाणारे लोक."

मी म्हटलं, बघू.

तेव्हा तू मुलुंडच्या हॉस्पिटलात होतीस. मी दुपारी आले, उशाशी बसले आणि हे सगळं सांगितलं. वाटलं, निगेटिव्हवर तू हसशील. तू डोळे मिटूनच विचारलंस, "मग? बोलणारेस?"

"बघू गं. आता तू बरी हो आधी."

"बघू म्हणजे वीस मिनिटं."

मला वाटलं, तू भेटायच्या वेळेचं विचारतेस. मी घड्याळ बघून म्हटलं, "अगं वीस कुठली, अजून चांगला तास आहे. पाचपर्यंत बसू देतात." तू हसायला लागलीस. हसता हसता ठसका लागला, नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. दारातून बघितलं तर तू हाताने 'जा, जा' करत होतीस आणि अजून हसत होतीस. ती आपली शेवटची भेट. तू का हसलीस ते मला कळलंच नव्हतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडून ती वही काढली. हो, वही माझ्याकडेच होती. पाहुणे गेल्यावर आठवड्याने, तक्ता पुन्हा ताडून बघायला म्हणून नेली आणि कधी परत केली नाही. अश्विनीला त्यापायी वर्गाबाहेर उभं राहावं लागलं होतं, ते तू मला पुढे कित्येक वर्षं ऐकवलंस. वहीतली तुझ्या आकड्यांची पानं मला पाठ होती. पण त्या दिवशी हातातून ती निसटली आणि उलटी उघडली. शेवटच्या पानावर, वही फिरवून, तू आणखी एक तक्ता आखला होतास. रकाने तेच. फक्त डावीकडे स्क्रूंच्या जागी माणसं. आवळलं की कोण किती माघार घेतं, त्याचा हिशेब.

मोठे साहेब, ३० मिनिटं. युनियनचे भाऊ, १५, बायको सोबत असल्यास ५. सासूबाई, ०. आणि त्याखाली, नीला, २०.

खाली सही, तारीख. पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी तिथेच जमिनीवर बसले, इंदू. तेव्हा रडले. भरपूर रडले आणि मधेच हसले, कारण सासूबाईंचं शून्य वर उघडं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तू माझं रीडिंग घेऊन ठेवलं होतंस, आणि रीडिंग बरोबर होतं.

सगळे म्हणाले, जाऊ दे. माझी बहीण म्हणाली, "ती गेली, आता तिला काय उपयोग?" तिला नसेल. मला आहे, अश्विनीला आहे, आणि या शब्दाला आहे. जिवंतपणी म्हणायचं, योग्य वेळ नाही. मेल्यावर म्हणायचं, आता काय उपयोग. म्हणजे सांगायचं कधी? मधे एखादा दिवस येतो का? मला हे 'जाऊ दे' ऐकायचं नाही. मी उभा जन्म जाऊ दिलं.

शनिवारी गेले अंधेरीला. भिंत छान केली आहे, खोटं कशाला बोलू. पहिल्या टीव्ही ट्यूनरपासून आजच्या जाळ्यापर्यंत सगळं ओळीने. डबे ठीक करायला आता यंत्राचा हात आहे, काचेआड तो चालू ठेवला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने स्क्रू फिरवला, रेघ जागेवर आली, एक क्षण थांबला, आणि मग अलगद थोडा मागे आला. मग नट आवळला. कोपऱ्यातल्याला दोन मिनिटं. मधल्याला चार. अगं, तुझं मनगट होतं ते. थांबण्यासकट.

शेजारी आपला फलक. मेकॅनिकल ग्रेडियंट. संकल्पना: मी. मोठ्ठा फोटो, केस रंगवलेले होते तेव्हाचा. तुझा उल्लेख खालच्या ओळीत, 'कुशल सहायक महिलांच्या साथीने'. सहायक! तुझ्या हाताखाली मी शिकले आणि सहायक तू.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक घेतला नाही. पाहुण्यांच्या सह्यांसाठी एका टेबलावर जाड मार्कर ठेवला होता, तो घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फलकापाशी गेले. मेकॅनिकल ग्रेडियंटवर एक सरळ रेघ मारली. खाडाखोड नाही. वर लिहिलं, माघार. माझ्या नावावर एक सरळ रेघ. वर लिहिलं, इंदुमती सावंत, ट्यूनिंग. खाली सही केली.

चिन्मयचा चेहरा पांढरा पडला. आणि मागून, जिथे आपल्या लाइनीतल्या जुन्या बायका बसवल्या होत्या तिथून, कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "मॅडम, तारीख राहिली."

मी तारीख टाकली. मग त्यांच्याकडे वळून मी सगळं सांगितलं, भात, घड्याळ, भूगोलाची वही, पाहुणे, आणि मी तक्त्याकडे बघितलं तेही. माइक नव्हता, पण शेवटपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण साहेब लोक मोबाइल काढून बघत होते आणि बायका बघत नव्हत्या.

काल पत्र आलं. विद्रूपीकरणाबद्दल सात दिवसांत लेखी दिलगिरी द्यावी, अन्यथा कंपनी योग्य ती पावले उचलेल. फलक पूर्वीप्रमाणे छापून घेण्यात येईल. खाली एक ओळ, मूळ वही आपल्याकडे असल्यास ती संग्रहासाठी सुपूर्द करावी.

मी लगेच उत्तर लिहिलं. दिलगिरी आहे, ती पंचवीस वर्षं उशीर झाल्याबद्दल. रेघेबद्दल नाही. फलक पुन्हा छापलात तर मी पुन्हा येईन, मार्कर घरून आणीन. वही ज्या मुलीची आहे तिला परत करते आहे, मागायची तर नाहूरला जाऊन तिच्याकडे मागा. माझी सही, तारीख.

आज तुझं तेरावं. जेवणं उरकल्यावर मी अश्विनीला खोलीत नेलं आणि वही तिच्या हातात ठेवली. ती वरचं नाव वाचत राहिली. अश्विनी सावंत, इयत्ता चौथी, विषय भूगोल. "मावशी! तुझ्यामुळे मी वर्गाबाहेर उभी होते?"

"हो."

तिने वही उलटी केली आणि शेवटचं पान वाचलं. आजीच्या शून्यावर खुदकन हसली. मग माझ्या ओळीवर येऊन थांबली. "हे वीस कशाचे?"

मी सांगितलं. एकही कारण न देता. जिन्यातल्या चहासकट सांगितलं. कंपनीचं पत्र आणि माझ्या उत्तराची प्रत तिच्यासमोर ठेवली. तिने दोन्ही वाचली, पुन्हा वाचली. मग तिने पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"तूच कर ना दुरुस्ती," ती म्हणाली.

"ज्याचं रीडिंग त्याने..."

"तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. माहितीये गं. आई भाजीच्या पिशवीलाही तेच लावायची."

तिने वही मांडीवर घेतली. विसावर एक सरळ रेघ मारली, वर आकडा लिहिला, सही केली, तारीख टाकली. शून्य दिलंय तिने मला. पण तिचंही तुझ्यासारखंच आहे, वर उघडं, घाईत वाचणाऱ्याला सात वाटेल. वाटू दे, इंदू. विसावरून तर आले.